जैनूरच्या जीपमधली सवारी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच संसारात घडली आहे आणि अजून संपलेली नाही.

लोक म्हणतील, या बाईच्या डोक्यात संशयाचा किडा आहे. आहेच. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण खिसे तपासल्याशिवाय मी नवऱ्याचा शर्ट कधी भिजवला नाही. तरीही जे घडलं ते माझ्या किड्यानं घडवलेलं नाही.

तारीख अकरा फेब्रुवारी, दोन हजार सतरा. शनिवार.

जागा म्हणजे इंद्रवेल्लीहून उटनूरकडे जाताना सडकेच्या डाव्या हाताला लागणारा एक ओढा. भोवती सागाचं जंगल.

त्या दिवशी आमच्या जीपमध्ये आम्ही दोघंच होतो...

घरून निघताना मी तरी तसंच समजत होते.

मी तुळजाबाई. बाजारहत्नूरला आमचं भाजीचं दुकान आहे, आणि गावाबाहेर दोन एकर वांगी-टमाट्याचं रान. आमचे हे म्हणजे यशवंतराव. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. हे पहिल्यापासून कमी बोलणारे. मी बोलायचं आणि यांनी हूं म्हणायचं, असा आमचा संसार. दुकानातही गिऱ्हाइकाशी भाव मी बोलते, हे नुसता तराजू धरतात.

तर आदल्या साली फुकट नेटचं सिम आलं, आणि यांच्या हातात मोबाईल आला तो खाली जाईना. काय बघतात म्हणून मी एकदा मागून वाकून पाहिलं. कुठलीतरी गोरी माणसं गाडीतच पलंग, गाडीतच चूल मांडून जंगलात राहत होती. मला हसू आलं.

हे मात्र हसले नाहीत.

आमच्याकडे माल निघाला की रोडगे करायला बाहेर जायची चाल आहे. एखाद्या देवळापाशी नाहीतर ओढ्याकाठी गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे गोळे त्यात भाजायचे, वरण आणि वांग्याची भाजी करायची आणि तिथंच पंगत. आम्ही दरवर्षी भावकीबरोबर भाड्याच्या टेम्पोत जात होतो. "आपली गाडी पायजे," हे एके दिवशी म्हणाले. वाटेल तिथं थांबायचं, मुक्काम करायचा, वाटेल तेव्हा निघायचं. एवढं सगळं ते एका दमात बोलले, तेव्हा मी हातातली वांगी खाली ठेवली.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या.

पहिली आदिलाबादची एक ओम्नी. हे आत आडवे झाले, तर पाय दारातून बाहेर आले. दुसरी इच्छोड्याची दुधाची व्हॅन. तिच्यात आंबलेल्या दुधाचा असा वास, की मी नाकाला पदर लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही.

तिसरी डोमाजीची जीप.

डोमाजी जैनूरचा. त्याची लांब, पत्र्याच्या बॉडीची जीप जैनूर ते आदिलाबाद सवारी भरायची. मागं समोरासमोर दोन लांब बाक आणि चढायला मागून दार. त्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले. आम्ही आदिलाबादेत राहिलो आणि जैनूर आसिफाबादकडे गेलं. जैनूरच्या माणसांची कचेरीची कामं दुसऱ्या दिशेला गेली आणि डोमाजीची लाईन बसली. म्हणून तो गाडी विकत होता, असं त्यानं सांगितलं.

गाडी उंच, इंजिन चांगलं. यांनी टेप लावून मागची लांबी मोजली आणि तिथंच ठरवून टाकलं.

एक गोष्ट मात्र मला खटकली.

किल्ली हातात देण्याआधी डोमाजीनं गाडी चालू केली, मागचं दार उघडं ठेवलं आणि सडकेकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटं झाली. दहा झाली...

"कोणाची वाट पाहून राह्यले?" मी विचारलं.

"सवय हाय बाई. भरल्याबिगर गाडी काढू वाटत नाही."

मग त्यानं दार लावलं. लावण्याआधी आत डोकावून मान हलवली. रिकाम्या गाडीत बघण्यासारखं काय होतं, हे मला कळलं नाही.

येताना मी यांच्या शेजारी बसले होते. पडदे कोणत्या लुगड्याचे शिवायचे, डबे कुठं ठेवायचे, मी बोलतच होते. यांची नजर पुन्हा पुन्हा आरशाकडे जात होती. मला वाटलं, नवी गाडी आहे, मागचं बघत असतील.

गाडी सजवायचं काम इच्छोड्याच्या फकिराला दिलं. फकिरा वेल्डिंगवाला. त्यानं उजवीकडचा बाक काढून तिथं फळ्यांचा पलंग केला, त्याखाली तीन खण. एका खणात छोटा सिलेंडर आणि शेगडी, दुसऱ्यात भांडी, तिसऱ्यात अंथरूण. पाण्याच्या कॅनला तोटी बसवली. टपावर गोवऱ्यांसाठी लोखंडी कठडा केला. मच्छरदाणीला चार आकडे ठोकले. माझ्या जुन्या लुगड्याचे पडदे मी शिवले, चांगले जाड, बाहेरचं काही दिसू नये असे. गाडी खरंच छान झाली होती, मी खोटं कशाला बोलू.

फक्त डावीकडचा बाक तसाच राहिला.

मी यांना विचारलं, तो काऊन नाही काढला? हे म्हणाले, फकिराला बोल्ट निघाले नाहीत, गंजलेत.

दोन दिवसांनी मी इच्छोड्याला गेले तेव्हा फकिराला विचारलं. फकिरा म्हणाला, "बोल्ट कायले निघत नाही? मालकानंच सांगतलं, त्या बाकाले हात नको लावू म्हणून."

झालं. किडा वळवळायला लागला.

पुढं पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीची करायची होती. सवारीची गाडी खाजगी करायची म्हणजे कागदांचा घोळ. त्यात जिल्हे नवे, फायली इकडच्या तिकडे. यांना आदिलाबादला चार चकरा माराव्या लागल्या. चौथ्या चकरेला काम झालं आणि कागदावर गाडी आमची झाली.

पण काम झाल्यावरही चकरा थांबेनात.

"ट्रायल घेऊन येतो," म्हणायचे. दुपारचं जेवण झालं की निघायचे आणि दिवेलागणीला यायचे. येताना तोंडावर असं समाधान, की कधी मुलीच्या लग्नातही मी पाहिलं नव्हतं.

मी गाडी झाडायच्या निमित्तानं आत चढू लागले.

पहिल्यांदा वास आला. केसांना लावायच्या तेलाचा... बाईच्या केसांचा. मी ते तेल लावत नाही.

मग पलंगाच्या फटीत हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. भाजी तोलताना फुटते म्हणून मी काचेची बांगडी कधीच सोडली. माझ्या हातात प्लास्टिकच्या असतात.

आणि मग दस्ती.

दस्ती म्हणजे आमच्याकडे हातरुमाल. सवारी जीपमध्ये गाडी भरेपर्यंत तासतास थांबावं लागतं. कुणाला पाणी प्यायला, कुणाला पान घ्यायला उतरायचं असतं. तेव्हा माणूस आपल्या जागेवर दस्ती टाकून जातो. ती जागा मग त्याची. तिथं दुसरं कुणी बसत नाही आणि तो येईपर्यंत ड्रायव्हर गाडी हलवत नाही. हा इकडचा कायदा आहे, कुठं लिहिलेला नसला तरी.

त्या डाव्या बाकावर, दाराजवळच्या जागेवर, पांढरी दस्ती पसरलेली होती. चारी कोपरे नीट ओढलेले.

मी ती उचलली. धुतली, वाळवली, कपाटात ठेवली. यांना काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर...

बाकावर दस्ती. कपाटातली गायब.

"ही दस्ती कोणाची हाय?" मी विचारलं.

"कोनती दस्ती?" असं म्हणून यांनी कान खाजवला. खोटं बोलताना हे कान खाजवतात, हे मला एकवीस वर्षांपासून माहीत आहे.

त्याच आठवड्यात शेजारची बयनाबाई गुडीहत्नूरच्या बाजारातून आली. ती पण भाजीचंच करते, आणि दुसऱ्याच्या घरातलं तिला जास्त कळतं. तिनं सांगितलं, तुझा मालक चहाच्या टपरीवर दिसला. दोन चहा घेतले. एक स्वतः प्याला आणि दुसरा गाडीच्या मागच्या पायरीवर नेऊन ठेवला. मग दाराशी उभा राहून बोलत होता. चांगला हसत बोलत होता, म्हणे.

आत कोण होतं, ते तिला दिसलं नाही. पडदे लावलेले होते.

माझ्या हातचे शिवलेले पडदे.

त्या संध्याकाळी मी माहेरची पिशवी भरली. किनवटला माझे वडील आहेत, भाऊ आहे. पण पिशवी भरताना रडू आलं आणि मग रडण्याचाच राग आला. संसार माझा होता. माणूस कसाही मुका असला तरी माझा होता, आणि मला तो कुणाला द्यायचा नव्हता. मी पिशवी रिकामी केली आणि यांना म्हटलं, शनिवारी रोडग्याला जाऊ. मुक्कामाला. दोघंच.

यांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, "कणीक थोडी जास्तीची घे."

कोणासाठी, ते मी विचारलं नाही. डोळ्यांनी बघायचं असं ठरवलं होतं.

शनिवारी दुपारी निघालो. मी पुढं बसले. गुडीहत्नूर गेलं, इंद्रवेल्ली आली. थांब्यावर गाडी जराशी हळू झाली, जशी सवारी जीप होते. मागं कुणी नसताना बाक करकरला...

मी वळून पाहिलं. बाक रिकामा. पांढरी दस्ती जागेवर.

"खड्डा व्हता," हे म्हणाले.

रस्ता नवा कोरा होता. खड्डा मी तरी पाहिला नाही.

ओढ्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. यांनी गोवऱ्या उतरवल्या, मी कणीक मळली. माघातले साग, पानं सगळी खाली पडलेली. त्या पानांवर सरडा पळाला तरी माणूस चालल्यासारखं वाजतं. सुरुवातीला पाखरं होती, ओढ्यावर खंड्या होता. मग एकदम सगळं गप्प झालं. मी वर पाहिलं, तर पाखरं होती तिथंच होती, फक्त ओरडत नव्हती.

रोडगे झाले. देवाचा निवद काढला. मी यांचं ताट वाढलं.

ते ताट घेऊन हे उठले आणि गाडीच्या मागं गेले.

मी चपला काढल्या आणि मागोमाग गेले. अजून चांगला उजेड होता, सगळं स्पष्ट दिसत होतं. मागचं दार उघडं. ताट बाकाजवळ ठेवलेलं. आणि हे बाकासमोर पलंगावर बसून सांगत होते, की मुलगी सासरी गेली त्या दिवशी आपण गोठ्यात जाऊन रडलो, कुणाला कळू दिलं नाही.

मला नव्हतं सांगितलं. दोन वर्षं झाली त्या लग्नाला.

बाकावर कुणी नव्हतं.

पण बाकाची गादी... दाराजवळच्या जागी दबलेली होती. माणूस बसल्यावर दबते तेवढी.

"कोण हाय तिथं?" मी विचारलं.

हे दचकले. मग मान खाली घालून बाहेर आले आणि ओढ्याकाठी दगडावर बसले. आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं.

"डोमाजीकडून गाडी आनली तवापासून हाय. पयल्या दिवशीच आरशात दिसली. तू बाजूले बसून पडद्याचं बोलून राह्यली व्हती."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू हाकलून देली असती."

"अन् तुमाले ती पायजे व्हती?"

त्यांनी एक खडा उचलून ओढ्यात टाकला.

"ती काई मागत नाही, तुळजा. नुसती आयकते."

भीती मला वाटायला हवी होती. वाटली नाही. मला राग आला. जिवंत बाई असती तर झिंज्या धरून ओढली असती, चार लोकांत पाणउतारा केला असता. हिला काय करायचं? एकवीस वर्षांत या माणसानं माझ्याजवळ मन मोकळं केलं नव्हतं आणि एका मेलेल्या बाईजवळ गोठ्यातलं रडणं सांगत होता. मी ऐकलं नसतं का? खरं सांगायचं तर माहीत नाही. मी त्यांना कधी बोलू दिलं असेल, असं मला आठवत नाही.

ते ताट सकाळपर्यंत तसंच राहिलं. त्यातला एक रोडगा मात्र नव्हता.

त्या रात्री मी पलंगावर झोपले नाही. चुलीशेजारी सतरंजी टाकून पडले. हे गाडीच्या पुढच्या सीटवर बसून राहिले.

सकाळी उजाडल्यावर हे अंघोळीला ओढ्यावर उतरले. मी गाडीत चढले आणि पलंगावर बसले, त्या बाकाच्या समोर. तेलाचा वास होता. गादी दबलेली होती.

"कुठं उतरायचं हाय तुले?" मी विचारलं.

बाक जरासा करकरला...

मग खूप लांबून बोलल्यासारखा आवाज आला.

"जैनूर."

मी पलंगाची फळी धरली. तरी मी उठले नाही.

"मंग उतरली काऊन नाही?"

"पाणी आनाले गेली व्हती. दस्ती टाकून गेली व्हती मी. गाडी निघून गेली." थोडं थांबून ती म्हणाली, "तवापासून जैनूर येतच नाही."

पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता मी काय चूक केली ते सांगते. आमच्याकडे दोन बाया जीपमध्ये समोरासमोर बसल्या, की पहिल्यांदा एकमेकीचं माहेर विचारतात. गाव कोणतं, कोणाची लेक, कुठं दिली. उतरेपर्यंत नातं निघतं. ही सवय अंगात इतकी मुरलेली असते, की समोर कोण बसलंय हे सुद्धा बाई विसरते.

"माहेर कोनतं तुझं?" मी विचारून बसले.

"नारनूरकडलं. अन् तुमचं, अक्का?"

"किनवट. मारोतरावाची लेक मी, तुळजाबाई. बाजारहत्नूरले देली. थांब्याच्या मागं भाजीचं दुकान हाय, निंबाच्या झाडाखाली."

बोलून झाल्यावर जीभ चावली. पण तोंडातून गेलेलं गेलं.

ती म्हणाली, "मालक चांगले हायत तुमचे. समदं सांगतात मले."

ते ऐकलं आणि माझं ठरलं.

हे अंघोळ करून आले. मी म्हटलं, घरी चला, माझं डोकं दुखतंय, मी मागं पडते. यांनी माझ्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि पुढं जाऊन बसले. मी मागं बसले आणि सगळे पडदे ओढून घेतले. उन्हाचे म्हणून.

जैनूर उटनूरच्या पलीकडे, वाटेत मोठा चढ लागतो. आम्ही निघालो होतो उलट्या दिशेनं, इंद्रवेल्लीकडे.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. एका फाट्यावर ना घर, ना टपरी, ना माणूस. नुसते साग उभे. मी पत्र्यावर दोन थापा मारल्या. सवारी उतरायची असली की मारतात तशा. गाडी थांबली.

"काय झालं?" पुढून यांनी विचारलं.

"मळमळून राह्यलं. जरा थांबा."

मग मी खाली मान घालून, इंजिनाच्या आवाजात, तिला म्हटलं, "आलं जैनूर. उतर."

"आलं?"

"आलं."

"चढ तं लागलाच नाही, अक्का."

"जिल्हे बदलले," मी म्हटलं. "रस्ता बी बदलला. आता चढ लागत नाही."

तिनं विश्वास ठेवला.

मी दार उघडलं. गादी हळूहळू वर आली. गाडीची डावी बाजू जराशी उचलली गेली. मग खाली वाळल्या पानांवर पावलं वाजली... एक, दोन, तीन. चौथ्याला थांबली.

ती आजूबाजूला बघत असणार.

मी दस्ती उचलून बाहेर टाकली, दार ओढलं आणि पत्र्यावर थाप मारली. "चला," मी ओरडले. गाडी निघाली.

तीन-चार किलोमीटर गेलो असू. एकदम ब्रेक लागला. हे उतरून मागं आले. दार उघडलं. बाकाकडे बघत राहिले.

"कुठं हाय?"

"कोण?" मी विचारलं.

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की तशी नजर शत्रूवरही येऊ नये. मग सडकेच्या कडेला जाऊन उकिडवे बसले. एक भरलेली सवारी जीप बाजूनं गेली, आतली माणसं बघत होती. बऱ्याच वेळानं हे उठले आणि गाडी चालवायला बसले. घरी येईपर्यंत त्यांनी आरशात एकदाही पाहिलं नाही.

या गोष्टीला आज अडीच महिने झाले.

हे आता हूं सुद्धा म्हणत नाहीत. मी समोर बसते, गप्प राहून बघते, म्हणते, बोला, मी ऐकते. ते ताटातलं जेवतात आणि उठतात. दर दोन-चार दिवसांनी जीप घेऊन त्याच सडकेनं जातात आणि येतात. तिला मी कुठं उतरवलं, त्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

सवारी उतरवण्यातलं पाप काय असतं, ते इकडच्या बाईला शिकवावं लागत नाही. एकट्या बाईला जंगलात खोट्या गावावर उतरवलं. एकदा गाडी तिला टाकून गेली होती आणि दुसऱ्यांदा मी टाकून आले. ती मेलेली होती, असं मी मनाला सांगते. मन ऐकत नाही.

मागच्या सोमवारी बयनाबाई गुडीहत्नूरहून आली आणि थेट दुकानात शिरली. डोक्यावरची पाटी सुद्धा उतरवली नव्हती.

म्हणाली, जीपच्या थांब्यावर एक बाई भेटली. हिरव्या बांगड्या, पायांना धूळ गुडघ्यापर्यंत. प्रत्येक जीपवाल्याला विचारत होती, पण कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. बयनाबाईजवळ येऊन म्हणाली, किनवटच्या मारोतरावाची लेक, तुळजाबाई, तिचं गाव कोणतं ते मी विसरली.

"तू काय सांगतलं?" मी विचारलं.

"काय सांगतलं म्हणजे? पाहुणी असंल तुई, म्हणून नीट पत्ता देला. बाजारहत्नूर, थांब्याच्या मागं, निंबाखाली. गाडीत बस म्हटलं माझ्यासंगं, तं म्हणे नको, मी पयदलच येते. गाडीवाले भलतीकडं उतरवतात, म्हणे."

हे तिथंच तराजूपाशी होते. त्यांनी सगळं ऐकलं.

हिरव्या बांगड्या ऐकताच त्यांच्या हातातलं वजन खाली पडलं. त्या दिवसापासून माणूस बदलला. जीप धुतली. खण पुसले. पडदे काढून टाकले. जीप सडकेकडे तोंड करून लावली आणि मागचं दार दिवसभर उघडं ठेवतात. काल मला म्हणाले, "येऊन राह्यली ती. आता तिले नेऊन सोडतो, खरंच जैनूरले." अडीच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, आणि एवढंच बोलले.

ती माझं नाव घेऊन का विचारते, हा प्रश्न अजून त्यांच्या मनात आलेला नाही.

गुडीहत्नूर इथून लांब नाही. पायी येणाऱ्याला एक दिवस लागतो, फार तर दोन. आज शुक्रवार आहे.

मी दुकानात थांब्याकडे पाठ करून बसते. भाजी तोलताना वाळल्या पानांचा आवाज आला की हात थांबतो. इथं दुकानासमोर वाळली पानं नाहीत...

ती मला काय करेल, याची मला तेवढी भीती नाही. पण ती आली की उघड्या दारातून आपल्या जागेवर बसेल, आणि हे समोर बसतील. या वेळी ती बोलेल आणि हे ऐकतील. मग हे उठून दुकानात येतील, आणि मला त्यांच्याकडे तोंड करावं लागेल.